राणी 'शोक करते' की 'झुरते'?

कर्वेनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे दोन कुत्री होती, त्यांतला थोरला आषाढात गेला. धाकटी, राणी, तेव्हापासून त्याच्या गोधडीवर पडून असते. भाकरी पुढे केली की हुंगते आणि तोंड फिरवते. ताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमची राणी शोक करते आहे.' त्यावर शेजारच्या काकांनी दुरुस्ती सुचवली: 'शोक माणसं करतात. जनावर झुरतं.' ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत. काकांचं बरोबर आहे का? आणि चप्पल फाडल्यावर राणीला 'अपराधी वाटतं' असं घरात सगळे म्हणतात, ते तरी बरोबर का? शेवटी, जाता जाता विचारावं तसं, एक वाक्य आहे: ती गोधडी धुवून टाकावी का?

काकांनी शब्द नेमका दिला आहे. पण त्याच्यासोबत त्यांनी माणूस आणि जनावर यांच्यामध्ये जी भिंत घातली, ती मराठीत नाही. झुरणं दोघांचं एकच आहे. सासरी गेलेली पोर माहेरासाठी झुरते, धनी गेल्यावर बैल झुरतो. दोन्हीकडे अन्न तुटतं, अंग उतरतं, नजर वाटेला लागून राहते. एवढं दिसलं की हा शब्द लागू होतो. आत नेमकं काय चाललंय याचा पुरावा तो मागत नाही. आणि बैलाच्या बाबतीत तो अलंकार म्हणून येत नाही. शाळेत शिकलेली चेतनगुणोक्ती आठवा: ती निर्जीव वस्तूला सजीव मानून केलेली असते. 'वारा रुसला' ही चेतनगुणोक्ती. 'गाय रुसली' हे साधं विधान आहे, आणि गोठ्यात वावरलेल्या कुणालाही ते तसंच वाटेल.

आपण नेहमी विचारतो, माणसाचे शब्द जनावराला लावायचे का. मराठीत देवघेव बऱ्याचदा उलट दिशेनं झाली आहे. 'आईनं हंबरडा फोडला' हे वाक्य घ्या. हंबरते गाय, वासरासाठी. पोटचं मूल गेलेल्या बाईच्या आवाजाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा माणसांच्या रडण्याचे सगळे शब्द, हुंदका, आक्रोश, टाहो, हाताशी असूनही भाषा गोठ्यात गेली. 'वात्सल्य'ही तिथलाच. वत्स म्हणजे वासरू, वत्सल म्हणजे वासरावर जीव असलेली. आपलं 'वासरू' संस्कृतातल्या 'वत्सरूप'वरून आलं. म्हणजे आईच्या मायेला आपण जो सर्वांत भारदस्त शब्द वापरतो, त्याच्या पोटात वासरू आहे. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करताना हा शब्द डोळ्यांसमोर उभा असतो.

बुजणं जनावराचं, 'बुजरा' मुलगा आपला. माज गाई-म्हशींचा, 'माजलाय' हे आपल्या माणसांबद्दल. आणि तुकोबांना विठ्ठलावाचून काय होतं ते सांगायचं होतं तेव्हा त्यांनी पाण्याबाहेरची मासोळी घेतली: 'जीवनावेगळी मासोळी, तैसा तुका तळमळी.' तळमळ आधी मासोळीची आहे. नामदेवांच्या अभंगात भुकेल्या वासराकडे गाय हंबरत धावते हे ओळखीचं, पण वनात वणवा लागल्यावर हरिणीला पाडसाची चिंता लागते, हेही तिथं आहे. चिंता म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीचा घोर. तो शब्द हरिणीला देताना नामदेव अडखळत नाहीत.

आता 'पान्हा'. या शब्दापाशी मी थोडा जास्त थांबणार आहे.

माझं लहानपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेलं. मागच्या अंगाला गवळ्याचा गोठा होता. एका पावसाळ्यात एका म्हशीचं रेडकू मेलं आणि ती दूध देईना. गवळ्यानं रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्या पुढ्यात ठेवलं. म्हशीनं ते हुंगलं, चाटलं, आणि सडांतून धार लागली. 'पान्हावली,' गवळी म्हणाला. तिला फसवलं म्हणून मी रडलो होतो. आजही त्या चाटण्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

पान्हा हा संस्कृत 'प्रस्नव'वरून आला, अर्थ पाझरणं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, कासेतल्या दूधपेशींभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात आणि दूध खाली उतरतं. म्हशीत जे होतं तेच बाळंतिणीत होतं, त्याच द्रव्यानं. दुसऱ्याचं मूल रडलेलं ऐकूनही बाईला पान्हा फुटू शकतो. म्हणून 'तिला पेंढ्यानं फसवता आलं, म्हणजे ती माया खरी नव्हे' हा युक्तिवाद मला पटत नाही. तोच न्याय मग आईलाही लावावा लागेल. 'पान्हा चोरला' या वाक्प्रचाराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अनोळखी माणूस धार काढायला बसला किंवा जनावर घाबरलं, की ॲड्रेनॅलीन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं. म्हैस काही चोरत नसते. ती भ्यालेली असते. इथे भाषेनं जनावरावर हिशेबीपणा लादला आहे, आणि तो शब्द मी स्वतः टाळतो.

शास्त्रज्ञांचं भांडणही बरंचसं शब्दांचंच आहे, हे ताईंना आणि काकांना ऐकायला आवडेल. डार्विननं १८७२ साली माणूस आणि प्राणी यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि दोघांना एकाच ओळीत बसवलं. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या तेव्हा उंदीर साधारण ५० किलोहर्ट्झच्या आवाजात चिवचिवले. आपल्या कानांची धाव २० किलोहर्ट्झपर्यंत, त्यामुळे हा आवाज यंत्रावाचून ऐकूच येत नाही. पँकसेप त्याला हसण्याचा भाऊबंद म्हणाले. उलट बाजूला जोसेफ लेडू आहेत. मेंदूत भीतीचं काम कुठून चालतं याचा शोध घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तेही उंदरांवरच्या प्रयोगांतून. २०१४ साली त्यांनीच लिहिलं की उंदराच्या बाबतीत 'भीती' हा शब्द आपण जपून वापरावा. धोका ओळखून शरीर सावध होणं वेगळं आणि 'मी घाबरलोय' ही जाणीव वेगळी.

मला लेडूंचा भेद समजतो. पण मराठीत तो भेद करायला वेगळी परिभाषा घडवावी लागत नाही, कारण आपली क्रियापदं आधीच शरीराला धरून आहेत. बैल बुजला, बिथरला, दबकला, थरथरला. यांतलं एकही क्रियापद 'मला कळतंय की मी भ्यालोय' असं म्हणत नाही, आणि एकही त्या जिवाला यंत्र ठरवत नाही.

मग 'शोक'चं काय? त्याचा धातू 'शुच्', जळणं, उजळणं. 'शुचि' त्यातूनच आला. म्हणजे मुळात हाही अंगाला झोंबणारा शब्द. वाल्मीकींच्या क्रौंच पक्ष्यांच्या कथेत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नर मारला गेल्यावर मादी करुण स्वरात आक्रंदते, तिथे क्रियापद येतं. 'शोकार्त' हे विशेषण ऋषी स्वतःला लावतात. मराठीत तर शोक आणखी सार्वजनिक झाला: शोकसभा, शोकप्रस्ताव, शोकाकुल परिवार. या शब्दात चार माणसं जमलेली असतात, गेलेल्याचं नाव घेतलेलं असतं. काकांचा कान या जागी ठेचकाळला असावा आणि तो बरोबर ठेचकाळला. राणी एकटी, गोधडीवर, काही न सांगता पडून आहे. तिच्यासाठी मीही 'झुरते' लिहीन, कारण ते तिच्याकडे पाहून लिहिलेलं आहे.

पण शोक हा शब्द माणसांसाठी राखीव ठेवा म्हटलं तर माझा विरोध आहे. २०१८ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ ओर्का या डॉल्फिनच्या कुळातल्या मोठ्या सागरी प्राण्याच्या एका मादीनं आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर तोलून वाहिलं. ते खाली घसरलं की बुडी मारून पुन्हा वर आणायची. त्या १७ दिवसांना कुणी 'शोक' म्हटलं तर मी खोडणार नाही. कुत्र्यांबद्दल म्हणाल, तर इटलीतल्या कुत्र्यांच्या ४२६ पालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. घरातलं एक कुत्रं गेल्यावर मागे उरलेल्याचं वागणं बिघडलं, असं ८६ टक्क्यांनी सांगितलं: खाणं कमी, खेळणं कमी, झोप जास्त, भीती जास्त. ही माणसांनी सांगितलेली हकिकत आहे, आणि पालक जितका दुःखी तितका कुत्र्यातला बदल मोठा, असंही त्यात दिसलं. ताई, तुम्हीही थोरल्यासाठी झुरत असाल, आणि राणी तुमच्याकडे बघत असेल.

'अपराधी वाटतं' हे मात्र सोडा. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. मालकांना काही वेळा मुद्दाम चुकीचं सांगितलं, की कुत्र्यानं खाऊ चोरला. पडलेले कान, चुकवलेली नजर, दबलेलं अंग हे सगळं कुत्र्यानं खरोखर चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हतं. मालक रागावला की नाही यावर होतं. मालक रागावल्यावर निरपराध कुत्री जास्तच दबकली. अपराधी वाटायला केलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहावं लागतं. 'पश्चात्ताप'मध्ये तर ते 'पश्चात्' उघडच आहे. राणी त्या क्षणी तुमच्या आवाजाकडे पाहते. 'राणी दबकली' म्हणा. शब्द बदललात तर रागावणंही थोडं कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

राहिली गोधडी. हा भाषेचा प्रश्न नाही, आणि मी जनावरांचा डॉक्टरही नाही. राणीनं अजून काही दिवस नीट खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवाच. पण त्या म्हशीनं पेंढ्याचं रेडकू आधी हुंगलं होतं, मग चाटलं. गोधडी इतक्यात धुऊ नका.