पिनकोड विचारला आणि त्यांनी फोन ठेवला

“एकदा हेल्पलाइनला फोन केला होता, काही उपयोग झाला नाही. आता पुन्हा कशाला करू?” समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच जण मानसिक आधाराच्या हेल्पलाइनबद्दल हे विचारतात. कुणी रागाने विचारतं, कुणी ओशाळून, जणू चूक त्यांचीच होती. अनंतरावांनी विचारलं तेव्हा ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, केव्हाही उठून जाता येईल असे. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आहे.)

वय पन्नाशीच्या पुढे. भोसरीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, हाताखाली चार कामगार. एका मोठ्या ऑर्डरचे पैसे अडकले, त्यामुळे बँकेचा हप्ता थकला आणि तो भरायला सावकाराकडून पैसे उचलले. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी एका रात्री अडीच वाजता ते वर्कशॉपमध्ये एकटेच बसले होते. मोबाइलवर शोधून त्यांनी एका हेल्पलाइनला फोन लावला.

“तो फोन मला पहिल्यापासून सांगा,” मी म्हटलं. “तुम्ही काय बोललात, समोरचे काय बोलले.”

“नाव विचारलं, वय विचारलं. मग जिल्हा, तालुका, शिक्षण, धंदा. आमचा नंबर कुठून मिळाला, तेही विचारलं. मी सांगत गेलो. मग पिनकोड. ताई, त्या वेळेला मला माझा पिनकोड आठवेना. रडूच फुटलं. ती मुलगी म्हणाली, ‘सर, शांत व्हा, पॉझिटिव्ह विचार करा, मुलांकडे बघा.’ मग म्हणाली, होल्डवर राहा. गाणं वाजायला लागलं. मी ठेवून दिला.”

“जीव द्यायचा विचार येतोय का, असं तिनं विचारलं?”

“नाही.”

“तुम्ही सांगितलंत?”

“कसं सांगणार? तिनं तालुका विचारला, मी तालुका सांगितला.”

हे ऐकल्यावर मला लगेच पुढे बोलता आलं नाही. त्या मुलीला मी दोष देणार नाही. रात्रपाळी, समोर फॉर्म, आणि रकाने भरल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी शिकवण. मी स्वतः हेल्पलाइनच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देते, आणि सुरुवातीची काही वर्षं ‘आधी नोंद करा’ असंच शिकवत होते. आज त्याचं वाईट वाटतं. माणूस तोंड उघडायचा धीर गोळा करून आलेला असतो, आणि आपण तो धीर रकाने भरण्यात संपवून टाकतो. नोंद लागतेच, पण ती शेवटी करता येते. बोलता बोलता निम्मी माहिती आपोआप मिळालेली असते.

‘मुलांकडे बघा’ हे तर त्याहून जड. अनंतराव रात्रभर मुलांकडेच बघत होते. आपण त्यांच्यावर ओझं झालोय असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या वाक्यानं त्यांच्या अपराधीपणात भरच पडली.

विचारायचं राहून जाणं ही एकट्या त्या मुलीची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हेल्पलाइनवरचे फोन ऐकून ब्रायन मिशारा आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. संकटात असलेल्यांच्या १,४३१ फोनपैकी ७२३ फोनमध्ये मदत करणाऱ्यानं आत्महत्येचा विचार येतोय का, हे विचारलंच नव्हतं. नुसतं ऐकून घेण्यापेक्षा आपुलकी, आदर आणि सोबत बसून वाट शोधणं यांचा फोन करणाऱ्याला जास्त आधार होतो, असंही त्यात दिसलं.

नवे स्वयंसेवक मला दर वेळी म्हणतात, “ताई, आपण विचारलं आणि त्यातूनच त्याच्या डोक्यात आलं तर?” ही भीती प्रामाणिक आहे, पण खरी नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर संशोधक मॅडलिन गूल्ड यांनी हेच तपासलं, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. थेट प्रश्न विचारल्यानं मुलांचा त्रास किंवा तसले विचार वाढले नाहीत. मला तर उलटंच अनुभवाला येतं. प्रश्न विचारला की समोरून एक लांब श्वास ऐकू येतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘जीव नकोसा झालाय’ हे आपण उकाड्यालाही म्हणतो आणि पाहुण्यांनाही. त्यामुळे फोनवर कुणी ते म्हटलं की ऐकणारा ‘हं’ म्हणून पुढे सरकतो. तिथेच थांबून विचारायला हवं, “नकोसा झालाय म्हणजे जीव द्यायचा विचार येतोय का?” हो म्हणाले तर आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे, काही ठरवलंय का, हे त्याच आवाजात विचारायचं.

आता प्रशिक्षणात दोघांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवते, चेहरा दिसू नये म्हणून. एक जण फोन करणारा होतो आणि मध्येच गप्प होतो. दुसऱ्यानं ती शांतता सोसायची. पहिल्या दिवशी बहुतेकांचे दहा सेकंदही निघत नाहीत, सल्ला सुरू होतो. हळूहळू ‘मी आहे, सावकाश बोला’ एवढ्यावर थांबता येतं. फोन दुसऱ्याकडे द्यायचाच असेल तर नुसतं ‘होल्ड करा’ चालत नाही. कुणाकडे देतोय, किती वेळ लागेल, लाइन तुटली तर मी परत फोन करू का, हे आधी सांगायचं, आणि पलीकडचा माणूस बोलायला लागेपर्यंत आपण बाजूला व्हायचं नाही. जड फोननंतर स्वयंसेवकालाही कुणाशी तरी बोलायला दहा मिनिटं मिळायला हवीत. थकलेल्या कानांना पुढचं ऐकूच येत नाही.

अनंतरावांची दुसरी शंका पोलिसांची होती. “फोन केला की केस होते म्हणतात.” मदत मागणं कधीच गुन्हा नव्हता, हे मी आधी सांगितलं. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, जो मे २०१८ पासून लागू झाला, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असंच आधी मानायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा धरला आहे. बोलणं गुप्त राहतं. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर मात्र मदत पाठवावी लागू शकते, आणि ते आधीच स्पष्ट सांगणारी हेल्पलाइन मला जास्त भरवशाची वाटते.

मग आम्ही एका कागदावर लिहिलं. वर नंबर: टेली-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. त्याखाली ११२, अगदी ऐनवेळेसाठी. आणि त्याखाली अनंतरावांच्याच अक्षरात पहिलं वाक्य: “माझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत. आधी एवढं ऐकून घ्या, बाकीची माहिती मागाहून देतो.” समोरच्यानं ऐकलं नाही तर दुसरा फोन बहिणीला. तिचा नंबर त्यांनी पाठ असूनही लिहिला.

खरं तर हे वाक्य त्यांना लिहावं लागायला नको होतं. ज्याच्या घशाशी आलंय त्यानंच समोरच्याला शिकवायचं, हे उफराटं आहे. पण व्यवस्था सुधारेपर्यंत रात्री अडीच वाजता हातात काहीतरी असावं.

पाच आठवड्यांनी तशी रात्र परत आली. त्यांनी कागद काढला, फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं. पलीकडच्या बाईंनी पहिलं काय विचारलं? “आत्ता सोबत कोण आहे?” बायको आत झोपली आहे, हे ते सांगू शकले. बोलणं वीस-पंचवीस मिनिटं चाललं. शेवटी त्या म्हणाल्या, घरच्या ताईंना उठवाल का, मी लाइनवर थांबते. त्यांनी उठवलं.

पुढच्या भेटीला दोघं आले. सावकाराचं प्रकरण अजून मिटलेलं नाही, वकिलांकडे कागदपत्रं दिली आहेत, आणि मनोविकारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. वहिनींनी पर्समधून त्या कागदाची झेरॉक्स काढली. “यात माझा नंबरच नाही,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी तो सगळ्यात वर लिहिला.