व्हिडिओ गेममध्ये भूमिका खरंच जगता येते का?

येते, पण अर्धी तुलाच आणावी लागते. आपल्या सिंधुदुर्गातला दशावतारी नट लिखित संहितेशिवाय उभा राहतो. कथानक ठरलेलं, संवाद त्याचे. तिथे समोरचा नट त्याला लगेच उत्तर देतो, गेमला मात्र आधी लिहून ठेवलेल्याच वाटा कळतात. ही मर्यादा खरी आहे. तरी १९९७ चा ‘फॉलआउट’ खेळून बघ. पात्र बनवताना त्याच्या बुद्धीचा आकडा अगदी कमी ठेवलास तर त्याला धड बोलताच येत नाही, आणि लोकही त्याला तसंच वागवतात! ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये फासा उलटा पडला तर जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडू नकोस रे. हार पात्राची आहे, त्याला भोगू दे. बक्षीस बघून उत्तर निवडू नकोस. सुरुवातीलाच पात्राची एक भीती ठरव आणि नुकसान झालं तरी ती पाळ.