जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये शिरण्याआधी

अरे, बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम. आधी मोबाईल हातात घे आणि त्याच्या सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. मग काय ते बदल. आत शिरायला चालू करताच डेलवर एफ २, एचपीवर एफ १०, थिंकपॅडवर एफ १ दाबत राहायचं.

तारीख दरवेळी मागे जाते म्हणतोस, तर सेटिंग शोधत बसू नकोस. आतलं घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपला असणार. काही लॅपटॉपमध्ये तो वायरसकट येतो, तेव्हा उघडून बघूनच विकत घे. मालवणात माझ्या घरापासून खाडी दोन पावलांवर, त्यामुळे सेलच्या पत्र्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला मी पाहिलाय. कापसाने पुसून घे. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइटसुद्धा उघडत नाही, आणि आपण उगाच नेटवाल्याला शिव्या घालतो!

साटा मोडला, म्हणजे लॅपटॉपने हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगला, मात्र हात लावू नकोस. विंडोज आयडीई या जुन्या मोडवर टाकलेलं असताना एएचसीआय हा नवा मोड केलास तर विंडोज अडकल्याचा निळा पडदा आलाच म्हणून समज. आलाच तर घाबरू नकोस, मोड परत पूर्वीचा कर.

बायोसला कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड अजिबात नको. जुन्या थिंकपॅडवर तो विसरलास तर सेल काढूनही जात नाही.

बायोस अपडेट? चार्जर लावून, बॅटरी भरून, आणि आषाढात तर नकोच. आपल्याकडे लाईट कधी जाईल, सांगता येतं का?