नवी सर्क्युलर सॉ कधी चालू होते, कधी नाही. उघडून बघू का?

तुम्ही लिहिलंय की वायरवर चालणारी सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) आहे, घेऊन आठवडाही झाला नाही. खटका दाबला की एकदा लगेच चालू होते, दुसऱ्या वेळी काहीच होत नाही, आणि चार-पाचदा दाबल्यावर एकदम फिरायला लागते. स्विच गेलाय की कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणारा तुकडा), आणि उघडून बघायचं का, हा तुमचा प्रश्न.

आधी कळकळीने सांगतो, ते खटका दाबत राहणं आजच थांबवा. पूर्ण बंद पडलेल्या मशीनपेक्षा मधूनच चालू होणारं मशीन जास्त घातक. 'होतच नाही' म्हणून माणूस पातं बघायला वाकतो, बोट खटक्यावरच असतं, आणि नेमकं तेव्हाच कनेक्शन जुळतं. म्हणून हात लावायची प्रत्येक तपासणी प्लग काढून करा, आणि काढलेला प्लग डोळ्यांसमोर ठेवा.

आता मला सांगा, चालू होत नाही तेव्हा मशीन अगदी गप्प असतं की आतून घुं असा आवाज येतो? अर्धं उत्तर इथेच आहे. आवाज येत असेल तर करंट मोटरपर्यंत पोचतोय, पण कमी पडतोय किंवा काहीतरी अडकलंय. अशा वेळी प्लग काढून पातं हाताने फिरवा (हातमोजा घालून), ते मोकळं फिरायला हवं. पातं बदलताना दाबायचं लॉकचं बटण आत अडकून राहिलं असेल तरी पातं फिरत नाही. मशीन अगदी गप्प असेल तर मात्र कुठेतरी सर्किट तुटतंय, आणि त्याच्या जागा चारच: सॉकेट, वायर, स्विच, कार्बन. तुमच्या वर्णनावरून मला हाच प्रकार वाटतो.

पण त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या, कारण तो दोष नसतोच. बऱ्याच करवतींना खटक्याच्या वर अंगठ्याने दाबायचं सुरक्षेचं बटण असतं. ते पूर्ण दाबलं नाही तर खटका शेवटपर्यंत जात नाही, आणि जाड हातमोजे असले की हे हमखास होतं. शिवाय काही मशीनमध्ये खटका दाबलेला असताना प्लग लावला तर ते मुद्दाम चालू होत नाही. खटका सोडून पुन्हा दाबावा लागतो.

मग एक्स्टेन्शन बाजूला ठेवा आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. शक्यतो वेगळ्या खोलीतल्या. २३० व्होल्टवर १४०० वॉटची करवत चालताना साधारण ६ अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढते. लांब आणि बारीक वायरवर तेवढ्यात व्होल्टेज बसतं. मात्र त्याने मोटर दमून, रडतखडत सुरू होते; पूर्ण गप्प राहत नाही. गप्प राहत असेल तर एक्स्टेन्शन बोर्डातल्या ढिल्या पिनांवर संशय घ्या.

भिंतीतूनही तेच होत असेल तर मल्टिमीटर काढा. प्लग बाहेर, मीटर ओहमवर, दोन टोकं प्लगच्या करंटच्या दोन पिनांना (अर्थिंगची पिन सोडून), आणि खटका पूर्ण दाबून धरा. एकट्याला जमणार नाही, कुणाला तरी मदतीला घ्या. मीटरने काही ओहम दाखवले पाहिजेत. आता मुठीजवळ जिथे वायर आत शिरते तिथे ती हळूहळू वाकवा. आकडा उडाला तर वायर आतून तुटलीय. खटका किंचित सैल-घट्ट केल्यावर उडाला तर स्विच. आणि पातं हाताने थोडं थोडं फिरवल्यावर एखाद्याच जागी उडाला तर कार्बन किंवा कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याचा गोल भाग, ज्याला कार्बन टेकतो). सॉफ्ट स्टार्टवाल्या, म्हणजे हळूहळू वेग घेणाऱ्या मशीनमध्ये मोटरच्या आधी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

हे कार्बनचं मी स्वतः भोगलंय. माझंही नवंकोरं मशीन असंच करायचं आणि मी स्विचलाच दोष देत होतो. एकदा चालू झालं नाही म्हणून प्लग काढला, पातं दोन बोटं फिरवलं, पुन्हा प्लग लावला, तर पहिल्या दाबाला चालू. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. खटक्याचा त्यात काही संबंधच नव्हता. त्या मशीनला कार्बनची झाकणं बाहेरूनच होती, ती उघडली. कार्बनचं कम्युटेटरला टेकणारं तोंड एकसारखं घासलेलं, चकचकीत हवं. एकाचं तसं होतं. दुसऱ्याचा फक्त एक कोपरा चमकत होता, तांदळाच्या दाण्याएवढा, बाकी तोंड कोरंच. आणि त्याच्या कडेला लांब ओरखडा. म्हणजे तो खोबणीत अडकत होता, मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नव्हती. मोटर ज्या जागी थांबेल त्यावर टेकणार की नाही हे ठरायचं.

ओरखडा घासून मला तो कार्बन मोकळा करता आला असता. केला नाही. आठवड्याच्या मशीनची खोबण वाकडी असेल तर तो विकणाऱ्याने निस्तरायचा प्रश्न आहे. कार्बन ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने परत बसवला (उलटा बसवला तर तोंडाचा गोलावा जुळत नाही) आणि मशीन बदलून घेतलं.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: बाहेरून निघणारी कार्बनची झाकणं उघडायला हरकत नाही, त्याआधी माहितीपुस्तिकेत बघून घ्या. मूठ आणि बॉडीचे स्क्रू मात्र उघडू नका. ते उघडले की वॉरंटी नाकारायला आयतं निमित्त मिळतं, आणि आतली वायर परत बसवताना चिमटली तर नवा धोका.

मशीन दुकानात न्याल तेव्हा ते नक्की पहिल्याच दाबाला चालू होईल, हे गृहीत धरा. मधूनच येणाऱ्या दोषाचं हेच दुखणं. त्यामुळे आधी व्हिडिओ काढून ठेवा: मशीन टेबलावर घट्ट धरलेलं, पात्याजवळ काही नाही, प्लग थेट भिंतीत दिसतोय, खटका दाबला आणि पातं जागचं हललं नाही. सगळं एका सलग शॉटमध्ये, मध्ये न थांबवता. दुरुस्तीपेक्षा बदलून मागा. गप्प राहतं की घुं करतं आणि मीटरचा आकडा कधी उडतो, एवढं कळवलंत तर दोष नेमका कुठे आहे ते मी अजून खात्रीने सांगू शकेन.