वाचक विचारतात : जनसुनावणी, विहीर आणि खाणीचा गाळ

आमच्या गावच्या खाणपट्ट्याचा लिलाव सरकारनेच केला. आता जनसुनावणीची नोटीस लागली आहे. जाऊन उपयोग काय?
— एक वाचक, डिचोली तालुका

शंका रास्त आहे. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर खाणपट्टा लिलावानेच द्यावा लागतो आणि गोव्यात हे लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. बोली आधी लागते, पर्यावरण दाखला नंतर; ही जनसुनावणी त्या दाखल्यासाठीच असते. म्हणजे माल विकणारे सरकार आणि राखणदारही सरकारच. पण सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांना निर्णय देण्याचा अधिकारच नसतो. म्हणणे नोंदवून पुढे पाठवणे एवढेच त्यांचे काम. म्हणून नुसत्या घोषणा तिथेच विरतात. कंपनीच्या पर्यावरण परिणाम अहवालातले पान आणि आकडा दाखवून घेतलेल्या हरकतीला मात्र कंपनीला उत्तर द्यावे लागते.

नोटीस किमान ३० दिवसांची असते. तेवढ्या काळात अहवालाचा मसुदा पंचायतीत बसून वाचा. सारांशावर भागवू नका, त्यात गैरसोयीचे फारसे काही नसते. मूळ मसुद्यात आधी खड्ड्याच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा. गावच्या विहिरींतले पाणी त्याहून वरच्या पातळीवर असेल, तर खड्ड्यातला उपसा ते ओढू शकतो. आपल्याकडे भुसभुशीत लोहखनिजाचा थरच पाणी धरून ठेवतो. तोच काढला की साठा गेला. उंची जुळवताना मोबाईलवरचा आकडा धरू नका, त्यात कित्येक मीटरची चूक निघते. समोच्च रेषांचा नकाशा किंवा सर्व्हेअरची पाणसळ घ्या.

मग पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते पाहा. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी चालते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि गाळाचा अभ्यास मात्र कोरड्या व्हाळाचा (ओढ्याचा)! ही हरकत लेखी द्याच. उपसलेले पाणी कोणत्या व्हाळात सोडणार, हेही विचारा.

शेवटपर्यंत थांबा. इतिवृत्त तिथेच, लोकांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचे असते. आपला मुद्दा गाळला असेल तर त्याच क्षणी उठून सांगा. लेखी हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. पुढे दाखला मिळालाच, तर पुण्याच्या हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दिले तर आणखी ६०.

विहीर खाणीमुळेच आटली हे सिद्ध कसे करायचे?
— एक वाचक, सत्तरी

खाण सुरू होण्याआधीच्या नोंदी नसतील तर फार कठीण. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा. पहाटे, मोटर लावण्यापूर्वी, वजन बांधलेली टेप सोडून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. महिन्यातून एकदा पुरे, पण मेअखेरची आणि ऑक्टोबरमधली नोंद चुकवू नका. खाणीपासून दूरची एक विहीरही मोजत राहा, नाहीतर ‘यंदा पाऊसच कमी’ हे उत्तर ठरलेले. दोन्ही सारख्याच उतरल्या तर दोष पावसाचा. जवळचीच उतरली तर बोलायला जागा आहे.

शेतात खाणीची लाल माती आली आहे. नांगरून टाकू का?
— एक शेतकरी, सांगे

नको. हा गाळ अगदी बारीक असतो. सुकला की कठीण पापुद्रा धरतो आणि खालच्या मातीत मिसळला तर तिचाही निचरा बिघडतो. पाणी सोडून द्या, थर चामड्यासारखा झाला की फावड्याने खरवडून बांधाबाहेर काढा. त्याआधी मोजपट्टी उभी धरून जाडीचे फोटो घ्या, सर्व्हे क्रमांक लिहा आणि मामलेदार, विभागीय कृषी कार्यालय व प्रदूषण मंडळ या तिघांकडे अर्ज करून पंचनामा मागा. पंचनाम्याआधी सगळे शेत साफ केले तर दाखवायला काही उरत नाही. निदान एक कोपरा तसाच ठेवा.

खाणीचा पैसा गावाला मिळतो का?
— एक वाचक, केपे

लिलावाच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या १० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीकडे, जाते. ती आपोआप गावात येत नाही. खाणबाधित गावांच्या यादीत आपले नाव आहे का ते आधी तपासा, मग ग्रामसभेत नेमक्या कामाचा ठराव घ्या: अमुक वाड्यावर नळ, तमुक व्हाळाचा गाळ उपसणे. ‘गावाचा विकास’ असा ठराव धूळ खात पडतो.