जुन्या छोट्या गाडीचं इंजिन बदलायचंय: तेच बसवावं की मोठं?

तुमच्या छोट्या गाडीचं कार्बोरेटरचं इंजिन निळा धूर सोडतंय, ऑइल खातंय, आणि त्याजागी मोठं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याच गिअरबॉक्सला आणि माउंटिंगला थेट बसणारं, त्याच जातीचं इंजिन मिळत असेल तर तेच घ्या. जास्त सीसीचं पण त्याच ब्लॉकचं, म्हणजे मुख्य सांगाडा तोच असलेलं, मिळालं तर फारच छान. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवायचं म्हणजे इंजिनाचं काम थोडं आणि त्याच्या आजूबाजूचं काम चौपट.

आधी इंजिन खरंच संपलंय का ते पाहा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धुराचा भपका येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत. ते इंजिन न उतरवता बदलता येतात, बऱ्याच गाड्यांत हेडही काढावं लागत नाही. चढावर जोर देताना सतत धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. खात्रीसाठी प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा फेरे सेल्फ मारा. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १० ते १३ बार दाखवतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १५ टक्क्यांवर गेला की गडबड आहे. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. जुनं इंजिन विकत घेतानाही शक्य असेल तर हीच चाचणी करायला लावा.

आता मोठ्या इंजेक्शन इंजिनाचंच ठरवलं असेल तर ते एकटं घेऊ नका. त्याच गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), न कापलेला पूर्ण वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), चावी आणि इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी यंत्र), थ्रॉटल बॉडी, लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), आणि थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर अ‍ॅक्सिलरेटरचा पेडलसुद्धा घ्या. चावी राहिली तर सेल्फ फिरेल, पण इंजिन पेटणार नाही.

पेट्रोलच्या लाइनकडे जराही दुर्लक्ष करू नका. कार्बोरेटरचा यांत्रिक पंप जेमतेम ०.२-०.३ बार दाब देतो, इंजेक्शनला बहुतेक वेळा ३ बारच्या आसपास लागतो. जुना रबरी पाइप त्या दाबाला फुटतो आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर उडतं. इंजेक्शनसाठीचाच पाइप, त्याच्याच क्लिपा, आणि इंजिनाला लागत असेल तर टाकीकडे परतीची लाइन घाला. जुन्या टाकीत बऱ्याचदा आडवे पडदे नसतात, त्यामुळे पेट्रोल कमी असताना वळणावर पंप हवा ओढतो. मधे एक लहान स्वर्ल पॉट (पंपासाठी पेट्रोल भरून ठेवणारी छोटी टाकी) बसवला की तो त्रास संपतो.

सगळ्यात जास्त चुका इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना होतात. क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळायला हवेत, व्यास मात्र फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटला. अ‍ॅडाप्टर प्लेट वापरत असाल तर दोन्हींची मध्यरेषा डायल गेजने (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) तपासा. साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला तर शाफ्टचं बेअरिंग घोंगावतं आणि कालांतराने क्लच प्लेटचा मधला भाग तुटतो. डोवेल पिना (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या खुंट्या) हरवू देऊ नका, कारण मध्य त्याच धरतात, बोल्ट नाही. आणि जोडताना शेवटची सेंटिमीटरभर फट मिटत नसेल तर बोल्ट आवळून खेचू नका. क्लच प्लेट मध्यावर नाही एवढाच त्याचा अर्थ. गिअरबॉक्स मागे घ्या, अलाइनमेंटच्या दांडीने प्लेट नीट करा, पुन्हा सरकवा. जोर लावलात तर बेल हाउसिंगला (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं कवच) तडा जातो.

इंजिन बाहेर आहे तोवर मागचं क्रँक ऑइल सील, रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, माउंटिंग रबर बदलून टाका. नंतर यातल्या एकेका भागासाठी अर्धी गाडी पुन्हा खोलावी लागते. जास्त ताकदीला रेडिएटर आणि ब्रेकही तोलामोलाचे हवेत. नोंदणी आणि विम्याचे नियम मात्र इंजिन विकत घेण्याआधी विचारा, कागदावरचा इंजिन क्रमांक बदलतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंजिन ते बॉडी अर्थिंगची जाड पट्टी लागलीय का बघा. ती विसरली की सेल्फचा करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल जळते. मग प्लग काढून, पेट्रोल-इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कूलंटमधली हवा काढा.

रिंगा नव्या असतील तर पहिले ५००-१००० किलोमीटर इंजिन ताणू नका, पण एकाच वेगातही चालवू नका. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून आतल्या कागदाची प्रत्येक घडी उलगडून बघा. बारीक राखाडी भुकटी चालते. तांबूस चकाकणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून बेअरिंग तपासा.