दोन वर्षांच्या मुलीसाठी घरी मळलेला खेळायचा गोळा हाताला चिकटतो आणि दोन दिवसांत त्याला बुरशी येते. काय चुकतंय?

पीठ कच्चं राहतंय आणि मीठ कमी पडतंय. गोळा मळण्याआधी शिजवून घ्या. 1 वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल आणि तेवढाच लिंबाचा रस गुठळ्या मोडून कालवा. मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागलं की उतरवा आणि कोमट असतानाच मळा. शिजल्यावर पिठातला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून चिकटपणा जातो. मीठ आणि लिंबामुळे बुरशी लांब राहते. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये गोळा आठवडाभर सहज टिकतो. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतली ओल ओढतं. तेव्हा चमचाभर कोरडा मैदा घालून पुन्हा मळा. रंगासाठी बिटाचा रस बरा, हळद नको (कपडे वाचतील).

मूल हातात येईल ते तोंडात घालत असेल, तर हा गोळा देऊच नका. एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे. त्याऐवजी मोदकाला करतो तशी तांदळाच्या पिठीची बिनमिठाची उकड काढा, पूर्ण गार करून समोर बसून खेळू द्या आणि खेळ संपला की टाकून द्या.